सात येळवशी

मार्गशीर्ष व. ९
तहसिलीतून आलो. कायदा खरा हाय. सलग सहा वर्षं एकच रान कसलेल्या कुळाला कुणी उठवू शकत न्हाय. माझं सातवं चालूय. पण कारकून म्हणला, "खंडाच्या पावत्या आण." पावत्या! जुने मालक खानसाहेब होते तवा मागितल्या न्हाईत. कागद मागायचा म्हणजे त्यांच्या इमानावर शंका. ते गेल्यावर त्यांच्या बीबीसाहेबांना कोणत्या तोंडानं मागणार?
कौसा भडकली. "लाजंनं मेलात. आता त्याच लाजंची भाकर खावा!" बायकोचं बरोबर हाय, म्हणून जास्त लागलं.

व. ११
बीबीसाहेबांचा पुतण्या रानात. संगं येडशीचा अडत्या, बूट घालून हरभऱ्यातून चालला. स्टेशन जवळ, म्हणून इथं कापसाचं गोदाम बांधायचंय. एवढी काळीभोर जमीन, आन् वर गोदाम! पुतण्या म्हणतो, मधी दोन साल रान दुसऱ्याकडं होतं. धादांत खोटं. शिवी गिळली. गिळायला नको होती.

अमावास्या
येळवस, रान पुजायचा सण. कडब्याची कोप केली, पाच दगडांना चुना लावून पांडव पुजले. पोरं आंबील पिऊन लोळली. मला एकच घोर: दर सालासारखं बीबीसाहेबांकडं भज्जी, उंडे, आंबिलीचं बिंदगं धाडावं का न्हाय?
कौसा म्हणली, "भांडण पुतण्याशी हाय. बाईला का उपाशी ठेवता?" स्वतः डोक्यावर घेऊन गेली. तोंडाची फाटकी, पण देवानं चांगली दिली.

पौष शु. ४
तहसिलीतला गिरदावर चौकशीला बीबीसाहेबांच्या ओसरीवर. बीबीसाहेब पडद्याआड. पुतण्यानं त्यांना आधीच पढवलेलं.
"किती सालं कसतोय हा?"
"मला गिनती येत न्हाय. येळवशी सांगते."
आन् सांगत सुटल्या. पहिलीला भज्जी खारट. दुसरीला खानसाहेब तापात, तरी छकड्यातून रानात आले. तिसरीला ह्याची आई गेलेली, सुतकात शेजारणीकडून रांधून धाडलं. चौथीला खानसाहेब राहिले नव्हते. "म्या दार उघडलं न्हाय. हा बिंदगं उंबऱ्यावर ठेवून सांजपर्यंत बसला." गिरदावर बोटांवर मोजत होता. पाचवी, सहावीही सांगून झाली. "सातवी ह्याच हप्त्यातली. बिंदगं अजून चुलीजवळ हाय, बघायचं?"
पुतण्या उठून गेला. मला रडू आलं, सगळ्यांदेखत. येऊ दे. त्या माउलीचं हे कसं फेडू?

ज्येष्ठ शु. ३
कुळाचा दाखला अजून न्हाय. पुतण्यानं वर अर्ज केलाय. तहसिलीत दर खेपेला "पुढल्या हप्त्यात."
आज बिंदगं परत आलं. रिकामं भांडं बीबीसाहेब कधी धाडत न्हाईत. आत आंब्याच्या कोयी, राखेत घोळलेल्या. निरोप: "बांधाला लाव. पहिल्या कैऱ्यांचं लोणचं माझं."
कूळ दुसऱ्याच्या रानात झाड लावत न्हाय. बाप म्हणायचा, सालाचं पीक घ्यावं, झाडाला जीव लावू नये.
कौसानं विचारलं, "कागद आला?"
"न्हाय."
"मग?"
म्हणलं, पहार दे.
पाच खड्डे झाले. सहाव्याला खडक लागला, तो उद्या.