माळ्यावरचं स्वयंपाकघर

आबा, तुमच्या वराळ्याच्या गोदामाच्या माळ्यावर घर होतंय. खाली भाताची पोती असायची तिथं आता गाड्या लागणार, आणि वर जिथं रिकामं बारदान पडायचं तिथं तीन खोल्या, मोठा हॉल आणि मोकळं स्वयंपाकघर. घर धाकट्याचं, तुमच्या लेकाचं. नकाशा माझा. हसा आता. गेल्या महिन्यात तो लोणावळ्याला माझ्या भाड्याच्या खोलीवर आला आणि चहा पिता पिता म्हणाला, ताई, तू मुंबईवाल्यांचे एवढे बंगले काढतेस, आपला माळा तर तुला पाठ आहे. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला आजही वाटतं की मी माझा वाटा आपखुशीनं सोडला. मग राग धरायला तुमच्याशिवाय उरलं कोण?

माझी दहावी झाली तेव्हा तुम्हीच मला शिडीनं वर नेलंत, पायानं बारदान सारलंत आणि म्हणालात, "ह्यो माळा तुझा. चूल कुटं मांडायची ते तूच ठरव." मी पोत्यांवर नाव टाकायचा काळा रंग घेतला आणि उगवतीच्या खिडकीखाली फळ्यांवर ओटा काढला, शेजारी मोरी, भोवती चौकट. निम्मा डबा सांडला. तुम्ही असे खवळलात की मी रडकुंडीला आले. पण खाली उतरता उतरता हमालांना बजावलंत, त्या चौकटीत पोतं टाकायचं न्हाई, पोरीचं सैपाकघर हाय त्ये. त्या एका वाक्यावर मी ड्रॉइंग शिकले, आबा. लग्न मोडून परत आले तेव्हाही मनात म्हटलं, असू दे, आपला माळा आहे.

आणि मग वडगावचं रजिस्ट्रेशनचं ऑफिस. सातबाऱ्यावरची नावं नीट करायचीत, तुझी एक सही लागंल, एवढंच सांगून तुम्ही मला नेलंत. सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. तिथून तुम्ही मला तळेगावात साडीच्या दुकानात घेऊन गेलात. उभ्या जन्मात आईसाठी कधी त्या पायरीवर चढला नव्हतात, आणि त्या दिवशी स्वतः मोरपंखी रंग निवडलात. "ही घे. तुला लय शोभंल," म्हणालात, साडीकडं बघत. बहिणीनं हक्क सोडला की तिला साडी द्यायची, ही आपल्याकडची रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साडीचोळीवर बोळवण केलीत माझी. परक्यानं असा केसानं गळा कापला असता तर मी त्याला चावडीवर उभं केलं असतं. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात. दर सणाला मी येत होते, तुमच्या ताटाला ताट लावून जेवत होते, आणि माळ्याचं नाव तुम्हीही काढलं नाहीत, मीही नाही.

परवा मापं घ्यायला वर चढले. भोवतीचं बारदान हटवलं तर चौकट तशीच. बाकीच्या फळ्या गठ्ठे ओढून ओढून घासून गेलेल्या, तेवढीच जागा धड. म्हणजे सही घेतल्यावरही तुम्ही तिथं पोतं टाकू दिलं नाहीत. ह्याचं मी काय करू, सांगा? माळा काढून घ्यायचा आणि चौकट सांभाळायची, ही कुठली तऱ्हा? सुतार रंधा घेऊन उभा होता, विचारत होता, ताई, ह्या रेषा काढू का? काढा म्हटलं. पण नकाशात ओटा तिथंच आलाय, कारण तो दुसरीकडे बसतच नाही. मी चारदा करून पाहिलं.

उद्या नकाशा धाकट्याला द्यायचाय. हे सगळं नकाशाच्या एका खराब प्रिंटच्या पाठीवर लिहिलंय, ती माझ्याकडंच राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही झेरॉक्स काढायला बाहेर गेलात तेव्हा कागद माझ्यासमोर टेबलावर होता. वरच जाड अक्षरांत हक्कसोडपत्र लिहिलं होतं. मी दोन्ही पानं वाचली, आबा. मग तुम्ही येऊन शेजारी बसलात, आणि पेन कागदाला टेकेपर्यंत मला वाटत होतं, तुम्ही माझा हात धराल.