पंख्यांचा आवाज

मंगळवार, मे अखेर. संध्याकाळ.

दुपारचं डोक्यातून जात नाही. कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवून चितेगावच्या कारखान्याचं थ्रीडी चित्र तयार करायला लावलं होतं. त्यात हा उन्हाळा, आतले पंखे नुसते घोंघावत होते. मागं खाटेवर बाबांना ठसका लागला आणि मला ऐकूच आलं नाही. वळून पाहिलं तर चेहरा लालबुंद. उठवून बसवलं, पाठ थोपटली, तेव्हा कुठं ठसका थांबला. अर्धांगवायूनंतर त्यांना मोठ्यानं हाक मारता येत नाही, हे मी विसरलेच कशी?

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या इरफानभाईंना लगेच बोलावलं. म्हणाले, “ताई, लिक्विड कूलिंग टाकू, नळीतल्या पाण्यानं गार ठेवायचं. पण हे कार्ड लई तापतं, थोडा आवाज ऱ्हाणारच. नाय तर दुसऱ्या खोलीत ठेवा.”

मग बाबांजवळ कोण?

शेवटी जुनंच कार्ड परत लावलं, मोठे, हळू फिरणारे पंखे बसवले. कामाला दुप्पट वेळ लागेल. लागू दे. आता त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

पण थोड्या वेळानं, भिंतीकडं तोंड करून झोपलेले बाबा दचकून जागे झाले. अडखळत म्हणाले, “मशीन बंद... तू गेलीस?”

म्हणजे मी खोलीत आहे, हे त्यांना पंख्यांच्या आवाजावरूनच कळायचं?

“इथंच हाय मी, बाबा,” म्हटलं आणि खाट ओढून टेबलाला लावली. हे लिहितेय तेव्हाही माझा डावा हात त्यांच्या मुठीत आहे.