सोडायचा, ढकलायचा नाही

आदरणीय दादा,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे तुमची बहीण उत्तम आहे आणि मी तोंडाने श्वास घेतो आहे. तुमची कंबर काय म्हणते? निवृत्तीनंतर तुम्ही आरामखुर्ची सोडत नाही, अशी वहिनींची तक्रार कानावर आली. त्यांना सांगा, नुसत्या बसलेल्या माणसातही ऊर्जा साठलेली असते. (हे माझं नाही, तुमच्या बहिणीच्या विज्ञानाचं आहे. मात्र त्यासाठी खुर्ची जरा उंचावर हवी.)

तर झालं असं. ही इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवते, पण अजून हंगामीच. सुट्टी लागली की पुढच्या वर्षी बोलावतील की नाही या धास्तीने आमच्या घरात कुणाला धड झोप नसते. यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या मुख्याध्यापिकेने, सांगितलं की एक धडा मी स्वतः बसून बघेन आणि मग कायम करायचं की कायमचं घरी बसवायचं ते ठरवेन. धडा निघाला ऊर्जेचा. विज्ञान फळ्यावर लिहून द्यावं, त्याने वर्ग स्वच्छ राहतो, असं मोठ्या बाईंचं मत. तुमच्या बहिणीचं मत काय असणार, ते तुम्ही लहानपणापासून भोगलं आहे.

तिने शाळेच्या सभागृहातला पंखा उतरवला, त्याच्या हुकाला लांब दोर बांधला आणि गोळाफेकीचा लोखंडी गोळा जाळीत घालून लटकवला. कुणीतरी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, गोळा नाकापर्यंत ओढून धरायचा आणि सोडायचा. वर धरलेल्या गोळ्यात असते ती स्थितिज ऊर्जा. खाली येताना तिची होते गतिज, म्हणून तळाशी तो सगळ्यात वेगात. पलीकडे चढताना पुन्हा गतिजची स्थितिज, आणि परत येताना तेच. पण जेवढ्या उंचीवरून सोडला त्याच्या वर तो काही केल्या चढत नाही, उलट हवेपायी केसभर अलीकडेच थांबतो. नाक शाबूत. मोठ्या बाईंची अट एकच: विद्यार्थी नको, शिक्षक नको, घरचं माणूस उभं करा. घरचं माणूस म्हणजे मी. (मांजर आहे, पण ते तिचंसुद्धा ऐकत नाही.)

घरी तालीम झाली ती दाराच्या चौकटीला बटाट्यांची पिशवी टांगून. पिशवी ती सोडायची, मी डोळे मिटून उभा. एकदाही लागली नाही. माझा विज्ञानावर विश्वास बसला आणि तिथेच घात झाला. खऱ्या धड्याला ही फळ्यापाशी आकृती काढणार, म्हणून गोळा मीच सोडायचा असं ठरलं. आता माझी नोकरी तुम्ही जाणताच. बागेतले पोरांचे झोके सांभाळण्यात माझी हयात गेली. झोका नुसता सोडून दिला तर वर बसलेलं पोर वळून असं बघतं, जणू मी त्याचा खाऊ पळवला. सोडायचा, ढकलायचा नाही, हे हिने वाटेभर मला बजावलं. मी हो हो म्हणत होतो. पण माझ्या हातांना कुणी बजावलं नव्हतं.

वर्ग जमिनीवर बसला, मोठ्या बाई खुर्चीत, दूध नासेल असा चेहरा करून. ही म्हणाली, "सोडा." मी सोडला. सोडता सोडता तळहातांनी त्याला हलकासा निरोपही दिला, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा गोळा पार खिडकीपर्यंत चढून मोठ्या उत्साहाने माघारी निघाला होता. सरकावं तर मागे भिंत. (ही म्हणते, "नुसता टेकला." तिच्या नाकाला टेकला असता म्हणजे कळलं असतं.)

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. हिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि दादा, खरं सांगतो, तो बघून मला नाकापेक्षा जास्त दुखलं. तिने विचारलं, "ढकललात का हो?" नाही म्हणालो असतो तर अब्रू वाचली असती, पण पोरांसमोर तिचं विज्ञान खोटं पडलं असतं आणि नोकरीही गेली असती. मी नाक धरून म्हणालो, "ढकलला."

तशी ती फळ्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "बघा मुलांनो, ऊर्जा कुठे जात नाही. ह्यांनी जास्त दिली, ह्यांनाच जास्त मिळाली." पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रुमाल कुणी दिला नाही. मोठ्या बाईंनी माझं नाक दोन्ही बाजूंनी निरखलं आणि म्हणाल्या की हा धडा पोरं जन्मात विसरणार नाहीत, या बाईंना कायम करायला आपली हरकत नाही. घरी आल्यावर ही आधी रडली, मग बराच वेळ हसली, आणि मग माझ्या नाकावर बर्फ धरून बसली. मला तिचा फार अभिमान वाटतो, पण नाक धरलेलं असल्यामुळे ते तिला नीट सांगता आलं नाही.

पत्र लांबलं. कंबर जपा.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. कायम करण्याच्या कागदावर अजून वरच्या साहेबांची सही व्हायची आहे. त्यांच्यापुढे हाच धडा पुन्हा करायचा आहे, आणि मोठ्या बाईंच्या सांगण्यावरून या खेपेला दोनदा: एकदा गोळा नुसता सोडून आणि एकदा ढकलून, म्हणजे फरक कळेल. घरचंच माणूस हवं ही अट तशीच आहे. नुसता सोडताना मी उभा राहणार आहे. दुसऱ्या वेळेला सख्खा भाऊ उभा राहिला तर बहिणीच्या नोकरीचं सोनं होईल.

आणखी एक ता. क. ढकलायला मी आहे. हे काम मला कुणी दिलेलं नाही, मी मागून घेतलं आहे.