पन्नासच्या जागी अठ्ठेचाळीस

४ मार्च, मंगळवार

आज चहाच्या वेळी धाकटीनं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं.

"ड्रॅगनचा आवाज झोपेतून उठवून आणल्यासारखा." फोनवरून, शब्द न शब्द. मग म्हणाली, हा जो कोणी ओळंबा आहे ना, त्याच्याशी घरात कुणी बोलत नसणार. आई हसली. मीही हसले. थोडी उशिरा.

ओळंबा म्हणजे मी. दोन वर्षं प्रेक्षकांच्या त्या मंचावर ॲनिमे मालिकांना दशांशात गुण देतेय. घरात कुणाला पत्ता नाही. 'ढगाखालची लाँड्री' ही धाकटी असलेली पहिली मालिका. एक चेटकीण डोंगरावर लाँड्री चालवते. तिच्या इस्त्र्या तापवायला तीनशे वर्षांचा एक ड्रॅगन — मांजराएवढा, तोंडाळ. त्या ड्रॅगनचा आपल्या भाषेतला आवाज धाकटीचा. तिचं पहिलंच मोठं काम. दुसऱ्या भागाला मी दहापैकी चार दिले. बहिणीला झुकतं माप दिलं असं व्हायला नको, म्हणून अर्धा गुण जास्तच कापला असेल.

घरात मात्र "छान झालाय" म्हणून मोकळी झाले होते.

६ मार्च, गुरुवार

डबिंगवाल्यांचा धाकटीला निरोप आला. एकवीस तारखेला बैठक. दुसऱ्या पर्वात ड्रॅगनचा आवाज बदलायचा की नाही ते ठरणार. सोबत प्रेक्षकांची निवडक मतं जोडली आहेत. सगळ्यात वरचं माझं. तीनशे चाळीस जणांनी त्याला दुजोरा दिलाय.

धाकटी जेवताना फार शहाण्यासारखं बोलत होती, म्हणजे वाईट लक्षण. आवाज गेला तर मामांच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसेन म्हणाली. तिथं कुणी गुण देत नाही, सगळे तोंड उघडूनच बसलेले असतात. बाबा म्हणाले, बघ, तेही वाईट नाही. ती "हो ना" म्हणाली.

मी भात वाढून घेतला. नको होता.

७ मार्च, शुक्रवार

सहाशे मतं वाचली. तक्ता केला.

"पहिला भाग बघून वेड लागलं, दुसरा बघून डोळा लागला." "तिसऱ्यात पुन्हा जीव आला!" "सम भाग वेगळ्या माणसानं काढलेत, पैज लावतो." हे शेवटचं एकतारा नावाच्या कुणाचं. तो सगळ्यांना एकच तारा देतो, पण लक्ष देऊन बघतो. झोपाळू मांजर नावाच्या कुणीतरी तर बाळाला झोपवायला चौथा भाग लावत असल्याचं लिहिलंय, कौतुकानं.

विषम भागांची सरासरी ८.१. सम भागांची ४.९. मालिका असमान आहे हे सगळेच म्हणतात. पण इतकी शिस्तीत असमान?

आमच्या पंपांच्या कारखान्यात एखादा पंप एक दिवसाआड बिघडत असेल तर पंपाच्या स्वभावाला नावं ठेवत नाहीत. त्या त्या दिवशी पाळी कुणाची होती ते बघतात.

माझ्या स्वतःच्या गुणांचाही आलेख काढला. तसाच. वर, खाली, वर, खाली. आणि तीन महिने मला हे दिसलं नाही.

९ मार्च, रविवार

पाचवा आणि सहावा लागोपाठ ऐकला. चित्र बंद ठेवून.

सहाव्यात तसं काहीच घडत नाही. एका सैनिकाचा कोट धुवायला येतो, आणि डाग जात नाही. ड्रॅगन त्याला सांगतो, राहू दे, इस्त्री मी फिरवीन त्याच्या बाजूनं. खरं तर मालिकेतली ही सगळ्यात चांगली जागा. आणि धाकटी ते वाक्य गाळात पाय रुतल्यासारखं बोलते.

तेवढ्यात ती गच्चीत कपडे वाळत घालता घालता तेच वाक्य स्वतःशी म्हणत होती. टोचणारं, भराभर. शेवटचा शब्द गिळून.

दोन्ही आवाज एकीचेच, पण एका पट्टीतले नाहीत. धाकटी कशातही आळशी असू शकते. बोलण्यात नाही.

१० मार्च, सोमवार

सापडलं!

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही भागांचा आवाज प्रयोगशाळेतल्या विश्लेषकावर घातला. पंपांची थरथर मोजतो तोच. त्यात एक रेघ कायम असते — सेकंदाला पन्नास कंपनांची. विजेची गुणगुण. प्रत्येक मोजणीत न बोलावता येते, आम्ही तिला ओळखून बाजूला सारतो. ध्वनिमुद्रणातही ती येतेच. फार बारीक असते, पण दोन वाक्यांमधल्या शांततेत दिसते.

पाचव्या भागात रेघ पन्नासवर. सहाव्यात अठ्ठेचाळीसवर.

फिटरकाका मागून डोकावले, हा कुठला पंप म्हणून विचारलं. बहिणीचा, मी म्हणाले. त्यांनी जराही आश्चर्य न दाखवता आधी यंत्र तपासायला सांगितलं. बरोबर होतं त्यांचं. कंपनं आधीच माहीत असलेला प्रमाण संदेश देऊन तपासलं. यंत्र ठीक. रेघ अठ्ठेचाळीसवर.

मग बाराही भाग. विषम — पन्नास. सम — अठ्ठेचाळीस. एकही अपवाद नाही. वीज काही एका आठवड्याआड मंदावत नाही. म्हणजे आवाजच चार टक्के ताणलाय. चार टक्के सावकाश, चार टक्के खालच्या पट्टीत. चोवीस भागिले पंचवीस.

दुपारी साहेबांनी दोनदा हाक मारली, मला ऐकूच आली नाही.

१२ मार्च, बुधवार

धाकटीला सहज विचारल्यासारखं विचारलं, रेकॉर्डिंग कुठं व्हायचं. विषम भाग वरच्या मजल्यावरच्या खोलीत, सम खालच्या. घाई होती म्हणून दोन खोल्यांत काम वाटलं होतं.

खालच्या खोलीत चित्र जरा पळायचं, म्हणाली. "तिथला माणूस सारखा म्हणायचा, बाई, उरका. मला वाटायचं मीच मंद आहे."

तीन महिने हे मनात ठेवून ती आठवड्याआड त्या खोलीत गेली. अठ्ठेचाळीसचं तिला सांगितलं नाही. अजून पुरावा पक्का व्हायचाय.

१४ मार्च, शुक्रवार

अहवाल पाठवला. दोन पानं, एक आलेख, विशेषण एकही नाही. खाली स्वतःचं नाव आणि हुद्दा. नातं लिहिलं नाही.

१७ मार्च, सोमवार

डबिंगवाल्यांचं उत्तर: "आपल्या मताची नोंद घेतली आहे."

मत! अठ्ठेचाळीस हे मत नाही.

बैठकीला चार दिवस. मंचावर ओळंबाच्या नावानं सगळं टाकलं. आलेख, बारा भागांचा तक्ता, कसं मोजलं ते. कुणालाही स्वतः मोजून बघता यावं अशा बेतानं. वर लिहिलं: 'दुसऱ्या भागाचे माझे चार गुण मी परत घेते. दोष ध्वनी ताणण्यातला होता, तो मी आवाजाच्या माथी मारला. चूक माझी.'

'घेते' लिहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ओळंबा बाई निघाली. त्यावरच पन्नास जणांनी आधी चर्चा केली.

१८ मार्च, मंगळवार

अकरा जणांनी स्वतः मोजलं. अकराही जणांना अठ्ठेचाळीस.

कुणीतरी कोटाचा प्रसंग मूळ वेगावर आणून अर्ध्या मिनिटाचा तुकडा टाकला. खाली एकतारा: "अरे, ही तर चिमटा काढून बोलते. आम्ही काय ऐकत होतो इतके दिवस?" त्यानं चार तारे दिले. लोक त्याचं अभिनंदन करतायत, मुलगा झाल्यासारखं. झोपाळू मांजरची तक्रार मात्र आहे — बाळ आता जागं राहतं.

कामावर दिवसभर मी अगदी नेहमीसारखी होते. फिटरकाका म्हणाले, आज शीळ वाजवतेस. वाजवत होते म्हणे.

२० मार्च, गुरुवार

डबिंगवाल्यांच्या ध्वनिप्रमुखांचा फोन आला. माणूस प्रामाणिक वाटला. खालच्या खोलीत चित्राची चुकीची प्रत लावलेली होती, सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटींची. त्या पळत्या चित्रावर सगळे बोलले. मग खऱ्या चित्रावर आवाज आधीच संपायला लागला. कारण शोधायला वेळ कुणाला होता?

"बसत नव्हतं म्हणून ताणून बसवलं," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणाले, विजेच्या गुणगुणीवरून. ते म्हणाले, तीस वर्षं मी ती गुणगुण पुसत आलोय, तिच्याकडे कधी बघितलं नाही.

सम भाग नव्यानं बसवणार. ताणायचं नाही, एकेक वाक्य उचलून त्याच्या जागी ठेवायचं. सहाव्यापासून सुरुवात, उद्याच्या बैठकीत तोच ऐकवणार.

२१ मार्च, शुक्रवार

आवाज धाकटीचाच राहणार. दुसरं पर्व, आणि तिसरं झालं तर तेही. एकमतानं!

बाबांनी मामांना फोन करून सांगितलं की आमची येत नाही हो. जशी काही तिची तिथं नेमणूक झाली होती. आई प्रत्येकाला पन्नास आणि अठ्ठेचाळीस समजावून सांगतेय, साफ चुकीचं, पण फार आत्मविश्वासानं.

२२ मार्च, शनिवार

दुरुस्त सम भाग सकाळी आले. संध्याकाळपर्यंत सरासरी ८.३. विषम भागांच्याही वर. कोटाच्या प्रसंगाखाली लोक रडल्याचं लिहितायत, नाव-गाव नसलेले, शेकड्यांनी. इतकं निर्मळ जिंकणं मला माहीत नव्हतं. आकडा मोजला, आकडा खरा निघाला, आणि जग त्याप्रमाणे हललं.

मग धाकटी लॅपटॉप घेऊन आली. ओळंबाला आभाराचं पत्र लिहायचंय, तुझी भाषा नीटस आहे, तू लिही. मी टंकत होते, ती येरझाऱ्या घालत सांगत होती. "चार गुण दिलेत तेव्हाही तुम्ही खरं बोललात, परत घेतलेत तेव्हाही. माझ्याशी खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. घरच्यांना काय, सगळं छानच वाटतं."

टंकलं. 'एकट्याच' वर एकदा अडखळले.

'पाठव' तिनंच दाबलं. माझा फोन दुसऱ्या खोलीत होता. वाजला.

२३ मार्च, रविवार

सांगितलं. ताट तसंच ठेवून उठली.

२४ मार्च, सोमवार

बोलत नाही. आईनं विचारलं काय झालं. दोघींनी एकदम "काही नाही" म्हटलं.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी कामावर निघताना तिनं मला दारातून परत बसवलं. दुरुस्त केलेला दुसरा भाग लावला, पुरा. संपल्यावर पडद्यासमोर उभी राहिली. "चार दिलेस त्याचं मला काही नाही. आता माझ्या तोंडावर दे."

साडेसहा, मी म्हणाले. तिसऱ्या प्रसंगात वाक्य तोडतेस, आणि हसू उसनं आहे.

सात तरी, ती म्हणाली.

नाही.

आयुष्यात पहिल्यांदा कामावर उशिरा पोचले. एक तास दहा मिनिटं.