पहिल्या हाकेला

१२ जानेवारी
खोली मिळाली, तीसुद्धा नाहूरला, स्टेशनपासून चालत. अकोल्याहून निघताना आईचा चेहरा असा होता की मी जणू फुटपाथवरच झोपणार आहे. तिला आता फोटो पाठवलेत: खिडकी, पंखा, स्वतंत्र कपाट. घर रत्नप्रभाकाकूंचं. मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते. नवरा, दशरथकाका, एका बँकेच्या एटीएमवर वॉचमन आहेत. मुलगी प्रांजल मुलुंडच्या कॉलेजात अकरावीला. मी सामान लावत होते तेवढ्यात तिने माझ्या सगळ्या लिपस्टिक लावून बघितल्या. मला ती आवडली.

नोकरी अंधेरीला एमआयडीसीत. घाटकोपरहून मेट्रो पकडायची. आम्ही लोकांची रील बनवतो, ती लोकांनी शेवटपर्यंत बघावीत म्हणून कापाकापी करतो. माझा बॉस सुशांत माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे आणि मला पहिल्याच दिवशी म्हणाला की उत्तरा, तीन महिन्यांत एक तरी रील गाजवून दाखव, मग कायम करतो. दाखवते की.

१६ जानेवारी
आज जेवताना गंमत झाली. मी मोरीत हात धूत असताना काकूंनी मागून हाक मारली आणि मी लगेच ओ दिली. त्यावर त्यांनी मला समोर बसवून समजावलं. पाठीमागून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. "माणूस तीनदा हाक मारता गो. दुसरा काय असला तर एकदाच मारता. पयल्या हाकेक ओ देव नको."

आमच्या घरी बुद्धवंदना होते, भुताखेतांना कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. मी हसू दाबलं. प्रांजलने दाबलं नाही, तिला पाठीत धपाटा मिळाला. पण कल्पना झकास आहे. जेवता जेवताच डोक्यात रील तयार झालं.

२१ जानेवारी
संध्याकाळी इमारतीमागे पाण्याच्या टाकीजवळ शूट केलं. प्रांजल पाठमोरी चालतेय. कॅमेऱ्यामागून मी हाक मारते, "प्रांजल". ती मान डावीकडे झटकते, हनुवटी वर, आणि म्हणते, "ओ". बस. तिला हसू आवरेना, म्हणून खूप वेळा घ्यावं लागलं. मी पुन्हा पुन्हा हाक मारत राहिले, दर वेळी एकच. माझा घसा आधीच बसलेला होता, शेवटी आवाज अगदीच खरखरीत झाला.

एडिट करताना तो आवाज मलाच ऐकवेना, म्हणून मी हाक कापून टाकली. नुसती मान आणि ओ ठेवली. आणि बघते तर काय, त्यानेच अंगावर काटा आला. कोणी बोलावलंच नाही आणि मुलगी ओ देते. सुशांतने दोनदा बघितलं, म्हणाला, "उत्तरा, तू तर वाट लावणारेस सगळ्यांची, यार."

३१ जानेवारी
चाललं. असं चाललं की मेट्रोत माझ्या समोरच्या मुलीच्या फोनवर प्रांजलची मान दिसली. मुली त्याची नक्कल करून आपापली रील टाकताहेत. कॉलेजात प्रांजल हिरॉइन झालीय. सुशांतने सगळ्यांना माझ्या नावाने वडापाव खाऊ घातला.

काकूंना दाखवलं. त्यांनी विचारलं, ह्यात हाक कोणी मारली? मी म्हटलं, कोणीच नाही काकू, तीच तर मजा आहे. त्यांनी आत जाऊन कुकर बंद केला.

७ फेब्रुवारी
प्रांजल जेवता जेवता मान झटकून ओ म्हणते. आधी मला वाटलं मला हसवायला करतेय. मी हसले. मग काकू आत गेल्यावर मी फोन काढला आणि तेही शूट केलं, ताटासकट. ते रील पहिल्यापेक्षा जास्त चाललं.

हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. ती "ताई, नको ना" म्हणाली होती. मी तेवढं कापलं.

१२ फेब्रुवारी
हे नाटक नाही. तिला थांबवता येत नाही. मान इतकी दुखते की रात्री गरम पाण्याची पिशवी लागते. तिच्या वर्गातली तेजल तसंच करते, तेजलच्या बाकावरच्या दोघीही. प्राचार्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं.

मुलुंडला डॉक्टरकडे मीही गेले होते. डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, मुलगी खोटं करत नाहीये, मेंदूलाही काही झालेलं नाही. मनावर ताण असला की बघून बघून शरीर अशा गोष्टी उचलतं, आणि मुली एकमेकींच्या बघून आणखी उचलतात. फोन काढून घ्या, तिच्याकडे टक लावून बघू नका, हळूहळू जाईल. मग प्रांजलला बाहेर बसवून त्यांनी विचारलं, हा व्हिडिओ मुळात केला कोणी? ज्याने केला त्याला काढून टाकायला सांगा.

काकूंना रील म्हणजे प्रांजलच्या मैत्रिणींचा खेळ वाटतो, मी केलंय हे मी कधी सांगितलंच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी शिकलेली म्हणून. मी म्हटलं, असेल कोणीतरी, इंटरनेटवर कुठे कळतं. परत येताना रिक्षात काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तू होतीस म्हणून बरं. त्या हातात माझा हात असल्याची मला लाज वाटली.

१६ फेब्रुवारी
सुशांतला सांगितलं, काढून टाकू. तो वेड्यासारखा बघत राहिला. एका इयरफोनच्या कंपनीला तीच मान आणि तीच ओ जाहिरातीसाठी हवी आहे. एक तारखेला कायम करतो म्हणाला.

पासवर्ड माझ्याकडे आहे. दोन बोटांचं काम. केलं नाही. आईला कायम होणार म्हणून कळवलं.

२० फेब्रुवारी
मेसेज येताहेत. बोरिवली, सांताक्रूझ, कोल्हापूर. सगळ्या पंधरा-सोळाच्या मुली. थांबत नाही म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणींनी एकच गोष्ट लिहिली आहे. मान वळायच्या आधी त्यांना हाक ऐकू येते. स्वतःच्या नावाने. बाईचा आवाज, घसा बसल्यासारखा, खरखरीत.

तो आवाज रीलमध्ये नाही. मी तो कापला होता. मीच कापला होता.

२१ फेब्रुवारी
प्रांजलने विचारलं, ताई, सारखी सारखी का हाक मारतेस गं? चिडून नाही, दमून विचारलं.

मी स्वयंपाकघरात होते. तोंडही उघडलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी
दोन्ही रील काढली. सुशांतने फोनवर शिव्या घातल्या, नोकरी गेली. काही वाटलं नाही. उशीर केला त्याचं वाटतं. शेकडो नकला फिरताहेत, त्या माझ्या हातात नाहीत.

काकूंना सगळं सांगितलं. ताटाचं, डॉक्टरांपुढच्या खोट्याचं, सगळं. मला वाटलं हाकलतील. त्या बराच वेळ पदराचं टोक चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "हाक तुया मारलस, मग तूच पुरी कर." एकदाच मारलेली हाक अर्धी राहते, म्हणाल्या. माणूस तीनदा मारतो.

प्रांजलजवळ बसले. तीनदा हाक मारली, नीट, थांबून थांबून. तिसऱ्या हाकेला तिने ओ दिली. मान वळली नाही. माझ्या डोळ्यांत बघून ओ दिली आणि माझ्या मांडीवर झोपली. मी खूप रडले.

२५ फेब्रुवारी
प्रांजल बरी आहे. एकदाही नाही आज.

पण बाकीच्या. मेसेज केलेल्या प्रत्येकीला फोन करतेय, नाव घेऊन तीनदा. काही जणी बऱ्या होतात. काहींचे आईवडील शिव्या देऊन ठेवून देतात. आणि ज्यांनी मेसेजच केला नाही, त्या? मला त्यांची नावं माहीत नाहीत.

त्या आवाजाला माहीत आहेत.

२७ फेब्रुवारी
घसा गेला. अगदी त्या दिवशीसारखा — टाकीजवळच्या. आज एका मुलीला फोनवर पहिली हाक मारली आणि ती किंचाळली. तोच आवाज आहे म्हणाली. दुसरी मारायच्या आत फोन बंद. म्हणजे तिच्यापाशी आता माझ्या दोन अर्ध्या हाका —

काकू म्हणतात गप रव, घसा बरा होऊ दे. पण त्या मुली —

२८ फेब्रुवारी
दुपार. काकू प्रांजलला घेऊन कॉलेजात गेल्यात. घरात मी एकटी.

मागून हाक आली. "उत्तरा." खरखरीत. माझाच आवाज.

थांबलेय. दुसरी येऊ दे. दुसरी आली तर माणूस.

आली नाही —

पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माहीत आहे मला. ओठ मिटून बसलेय, लिहितेय, लिहीत राहिले की — मान डावीकडे — प्रांजलला किती दुखलं असेल, मी हसले होते — हनुवटी वर जातेय, मी नाही करत, मी गप्प आहे, मी अजून ओ