तपासणीचं पाणी

अहो,

फ्रिजमधल्या निळ्या झाकणाच्या बाटलीला हात लावू नका. ते आमच्या कारखान्याच्या नाल्याचं पाणी आहे. सहा वर्षं तुम्ही ओट्याशेजारी ओला-सुका कचरा निवडत होतात, तेव्हा तपासणीचा नमुना म्हणून मी आपल्या फिल्टरचं पाणी भरून नेत होते. अहवाल उत्तम यायचे. फिल्टर चांगलाच आहे.

काल भांडीवाल्या मावशींनी नातीच्या हातावरचे चट्टे दाखवले. त्यांची वस्ती त्याच नाल्यावर आहे.

आज खरा नमुना घेऊन सरकारी प्रयोगशाळेत चाललेय. तिथे तो हरवला तर, म्हणून दुसरा घरी ठेवलाय. नोकरी जाईल, कंपनीचं हे घरही. साहेब आले तर वाद घालू नका, पुस्तकं बांधायला घ्या.

फोन मात्र करू नका. तुम्ही ‘परत ये’ म्हणालात, तर मी येईन.