लाउटरफेल्सच्या किल्ल्यावरची पाटी आणि माझे घर

मी रोस्विता क्राउटर, जन्म २ नोव्हेंबर १९३५, राहणार किल्ला गल्ली ७, लाउटरफेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या डोक्याबद्दल गावात दुमत आहे हे मला ठाऊक आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही. तशी कोणाची टापही नाही. यापूर्वी केलेली माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. मला नगराच्या साध्या दफनभूमीत पुरावे. किल्ल्याच्या चॅपेलमागची मानाची जागा इतिहास मंडळाने देऊ केली तरी घेऊ नये. मंडळाचे पुष्पचक्र नको, बँड नको, नगराध्यक्षांचे भाषण नको. नंतरच्या कॉफीला केक घरी भाजलेला असावा. किल्ल्याखालच्या बेकरीतला प्लमचा केक १९९१ पासून कोरडा आहे आणि हे मी मालकाला चार वेळा सांगितले आहे.

२. बँकेतली शिल्लक, शिवणयंत्र आणि सफरचंदाची झाडे असलेला मळा माझी भाची आल्मुट वेर्नले हिला द्यावा. ती दर रविवारी फोन करते आणि घराचे काय ठरवलेस असे कधी विचारत नाही. एवढ्या गुणावर माणसाला मळा मिळायला हरकत नाही.

३. एक्केचाळीस वर्षे मी किल्ला दाखवला. माझा कंदील, किल्ल्यांचा जुडगा आणि विहिरीत पाणी ओतण्याची पत्र्याची झारी नव्या वाटाड्याला द्यावी. पाणी ओतल्यावर लोकांना मोजायला लावावे. पाच म्हणताना आवाज येतो. सरदाराच्या मुलीने प्रेमापायी या विहिरीत उडी घेतली, ही गोष्ट मात्र सांगू नये. ती १८९३ साली ‘सोनेरी हरीण’ खानावळीच्या मालकाने गिऱ्हाईक वाढवायला रचली. त्याचा कागद मला नगराच्या जुन्या दप्तरात सापडला. मंडळाने तो छापला नाही, कारण त्या मुलीपायी लोक विहिरीत नाणी टाकतात. या गावाचा वारसा म्हणतात तो असा आहे. माझ्या घराच्या भिंतीत रुतलेला, चारशे वर्षांपूर्वीच्या युद्धातला म्हणतात तो स्वीडिश तोफगोळा, ज्याचे फोटो काढायला बस भरून लोक येतात, तो माझ्या आजोबांनी नदीतून आणून बसवलेला गोल धोंडा आहे. आज लिहून टाकते, म्हणजे सुटले.

४. आता घर. १५८३ सालचे, लाकडी चौकटीचे, किल्ल्याच्या दरवाजाला पाठ लावून उभे असलेले. खिडक्यांच्या झडपांना कोणता हिरवा लावायचा यावरून वारसा कार्यालयाने मला तीनदा रंग खरवडायला लावला. मंडळाला हे घर संग्रहालयासाठी हवे आहे. इतकी वर्षे मंडळ माझ्याशी गोड बोलले ते या भिंतींसाठी, माझ्या चेहऱ्यासाठी नव्हे. आधीच्या तिन्ही मृत्युपत्रांत मी एकच अट घातली होती: किल्ल्याच्या दरवाजावरची पाटी बदलून तिच्यावर माझ्या आईचे नाव घालावे, तरच घर मिळेल. आज पाटीवर असे कोरलेले आहे: ‘एप्रिल १९४५ मध्ये नगराध्यक्ष ओटमार हासेलबाख यांनी प्राणांची पर्वा न करता हे नगर व हा किल्ला वाचवला.’

५. खरे काय घडले ते सांगते. तेव्हा अमेरिकन रणगाडे दोन खोरी पलीकडे येऊन ठेपले होते. विमानांवर नजर ठेवायला बुरुजावर गावातल्या बायकांच्या पाळ्या असत. बुरुजाची किल्ली पाद्रीबाबांच्या दारात खिळ्याला टांगलेली असे. १९ एप्रिलला उजाडताना माझ्या आईने, हेर्मिना क्राउटरने, ती किल्ली घेतली आणि बुरुजावरून पांढरी चादर खाली सोडली. गावावर तोफा डागल्या जाऊ नयेत, एवढीच तिची इच्छा. माझे वडील त्याआधीच रशियात लढायला गेले होते, ते परत आले नाहीत.

घरात जुनेरे ढीगभर होती. पण आमच्याकडच्या बाईला फाटके कापड किल्ल्यावरून टांगवेल कसे? येणारे शत्रू असले तरी परके लोक आपले कापड बघणार. तिने कपाटातली सर्वांत चांगली चादर काढली. लग्नात माहेरून आणलेली, चार हिवाळे बसून भरलेली, तोवर एकदाही न अंथरलेली. कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरे होती, हे. म्यो. आमच्या बायका लग्नाआधी कापड भरतात, म्हणून त्यावर नाव माहेरचे असते. आई पलीकडच्या खोऱ्यातली म्योगेल. इथे तिला सगळे क्राउटरीण म्हणूनच ओळखत.

दुपारी माघार घेणारी एसएसची, म्हणजे नाझींच्या खास दलाची, तुकडी गावात शिरली. त्यांच्या लेखी पांढरे कापड म्हणजे फितुरी. त्यांनी चादर उतरवली आणि रस्त्यात सापडतील त्या सगळ्यांना चौकात हौदापाशी उभे केले. अर्ध्या तासाने त्यांनी आईला घरातून ओढत आणले आणि किल्ल्याच्या दरवाजासमोरच्या लिंडनच्या झाडाला फाशी दिले. चादर हौदात फेकून ते निघून गेले. दुसऱ्या सकाळी अमेरिकन आले, तेव्हा ओटमार हासेलबाख तीच ओली चादर काठीला बांधून त्यांना सामोरा गेला. एकही गोळी सुटली नाही. दहा वर्षांनी पाटी लागली. चादर संग्रहालयात काचेमागे आहे, अक्षरे आत जातील अशी घडी घालून, ‘हासेलबाख कुटुंबाकडून’ अशा चिठ्ठीसह. चर्चच्या वहीत माझ्या आईपुढे ‘युद्धकाळात मृत्यू’ एवढेच लिहिले आहे.

६. आईचे नाव एसएसला ओटमार हासेलबाखने सांगितले, असे मी चाळीस वर्षे म्हणत आले. किल्ला बघायला आलेल्या प्रत्येक जथ्याला मी त्या पाटीखाली उभे करून सांगितले. त्याचा मुलगा गेर्नोट, निवृत्त औषधविक्रेता आणि मंडळाचा अध्यक्ष, १९९५ साली पन्नास वर्षे झाली तेव्हा माझ्याकडे आला होता.

“रोस्विताबाई, त्या चादरीवर हे. म्यो. आहे. तुमची आई क्राउटर.”

“माहेरची म्योगेल. चर्चच्या वहीत बघ.”

“बघितलं. चादर तुमचीच, ती चिठ्ठी मी काढायला लावतो. पण मग मला सांगा, तुमच्या आईचं माहेरचं नाव गावात कुणाला ठाऊक होतं? माझ्या वडिलांनी ती अक्षरं ओळखली कशी?”

“ते तुझ्या वडिलांना विचारायचं होतंस.”

“विचारलं की. त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तुम्ही होतात ना तिथं? कोण बोललं?”

“सापाला विचारतोस विष कुणाचं म्हणून? हासेलबाखच्या पोरांनी मला अक्कल शिकवू नये,” मी म्हणाले आणि त्याला दाराबाहेर काढले. त्याच्या बायकोने त्या दिवसापासून मला नमस्कार करणे सोडले. चिठ्ठी काढून घेण्याचे त्याने पुन्हा मनावर घेतले नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

७. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मी चौऱ्याहत्तर वर्षे झाकून ठेवली.

त्या दुपारी चादर हौदाच्या काठावर पसरलेली होती. एसएसच्या अधिकाऱ्याने कुणाची म्हणून विचारले. कोणी बोलेना. मग त्याने कोपरा उचलून बघितला आणि म्हणाला, “काम मोठं नाजूक आहे. असल्या गावात एवढी हुशार बाई कोण?” गावातल्या बायका आईच्या माहेराला नावे ठेवत. त्या खोऱ्यात दगड आणि शेळ्या, तिथून काय कापड येणार, असे तिला तोंडावर म्हणत. मला वाटले, घ्या आता. मी म्हणाले, “आमच्या आईचं आहे.”

ओटमार हासेलबाख माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्या तोंडावर हात दाबला. “पोर काहीतरीच बरळतेय, साहेब,” तो म्हणाला. “हिच्या आईला साधं बटण लावता येत नाही. अख्ख्या गावाला विचारा.” अधिकाऱ्याने पिस्तुलाचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. तरीही त्याने हात काढला नाही. मी त्याच्या हाताला चावले आणि सुटले. मला त्याचा राग आला होता, बटणावरून. मी ओरडून सांगितले की हा खोटे बोलतो, ही अक्षरे आईच्या माहेरची आहेत, म्योगेल, आणि सगळे तिने स्वतः भरले आहे. मग अधिकाऱ्याने मला घर कुठे ते विचारले, आणि मी बोट दाखवले.

हासेलबाखने हे कोणाला सांगितले नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. पाटी लागली त्या दिवशी तो ताप आल्याचे सांगून घरी बसला. माझ्या आईचे नाव त्याने पुढे केले असते, तर ते एसएसला कोणी सांगितले हा प्रश्न आला असता. म्हणून त्याने न केलेल्या कामाचे श्रेय घेतले आणि नंतर न केलेल्या पापाचा ठपकाही. रस्त्यात भेटला की टोपी उचलायचा. त्या टोपीची मला चीड यायची, कारण तिच्याखाली सगळे काही माहीत होते. आईचे नाव किल्ल्यावर नाही ते हासेलबाखमुळे नाही, मंडळामुळे नाही. ते माझ्यामुळे नाही. मला लाज वाटते, आणि ती आता लिहिल्याने कमी झालेली नाही.

८. तेव्हा घर मंडळाला द्यावे, पण अट बदलली आहे. पाटीवर पुढील मजकूर कोरावा: ‘हेर्मिना क्राउटर, माहेरच्या म्योगेल, यांनी १९ एप्रिल १९४५ रोजी या बुरुजावरून आपली चादर सोडून नगर वाचवले. त्यांना या दरवाजासमोर फाशी दिले. ओटमार हासेलबाख यांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला. हेर्मिना यांचे नाव एसएसला त्यांची मुलगी रोस्विता हिने सांगितले.’ शब्द वाढवू नयेत, गाळू नयेत. वर्षाच्या आत पाटी लागली नाही तर घर जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला विकून टाकावे. मग तिथे नखे रंगवण्याचे दुकान निघाले तरी माझी हरकत नाही. आलेला पैसा आल्मुटने घ्यावा.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरी म्हणाले. मला लागतात. दुसऱ्या साक्षीदाराने सही करण्यापूर्वी सातवे कलम दोनदा वाचावे. त्यासाठीच त्याला बोलावले आहे.

लाउटरफेल्स, १९ एप्रिल २०१९
(सही) रोस्विता क्राउटर

साक्षीदार:
१. (सही) आल्मुट वेर्नले
२. (सही) गेर्नोट हासेलबाख

दोनदा वाचले. पाटी लागेल, ते माझ्याकडे. मजकुराच्या शेवटी एक वाक्य घालण्याची परवानगी असावी: ‘मुलीचे वय तेव्हा नऊ वर्षे होते.’ — गे. हा.

परवानगी नाही. — रो. क्रा.